विसार देण्यापूर्वी

मज्जारज्जूच्या दुखापतीवर परदेशात होणाऱ्या प्रायोगिक शस्त्रक्रियांविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या अंकात पुनर्वसनतज्ज्ञ डॉक्टर उत्तरे देत आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. चौदा महिन्यांपूर्वी विहिरीत सूर मारताना त्याच्या मानेचा मणका मोडला. मणक्याचे ऑपरेशन लगेच झाले. कागदावर ‘सी-सहा, पूर्ण दुखापत, श्रेणी ए’ (मानेतील सहावी पातळी; तिच्याखाली हालचाल व संवेदना दोन्ही नाहीत) असे लिहिले आहे. खांदे हलतात, कोपर वाकते, मनगट वर उचलता येते. बोटे हलत नाहीत आणि छातीखाली काही कळत नाही. मोठ्या दिरांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी बँकॉकमधील एका केंद्राची माहिती आणली आहे. तेथे पाठीत यंत्र बसवतात आणि सोबत स्टेम सेलची इंजेक्शने देतात. खर्च ८५ लाख रुपये सांगितला असून महिनाअखेरपर्यंत पाच लाख विसार दिला तर जागा राखून ठेवू, असे म्हणतात. त्यांच्या व्हिडिओत व्हीलचेअरवरचा मुलगा उभा राहून पावले टाकताना दिसतो. यजमान दोन एकर बागायत विकायला निघाले आहेत. सासूबाई म्हणतात, जमीन पुन्हा होईल, पोरगा उभा राहिला पाहिजे. मुलगा मात्र ‘तुम्ही ठरवा’ यापलीकडे बोलत नाही. मी रोज तेल लावून त्याची बोटे सरळ करते, ती आखडू नयेत म्हणून. आम्ही जावे का?
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, या महिनाअखेरीस विसार देऊ नका, हे आधी सांगतो. दुखापतीला चौदा महिने झाले आहेत. हे यंत्र आज बसवले काय किंवा आणखी सहा महिन्यांनी बसवले काय, परिणामात फरक पडेल असे मानायला आधार नाही. घाई आहे ती केंद्रातली जागा विकणाऱ्यांना.

तुम्हाला एकाच पुडक्यात दोन वेगळ्या गोष्टी देऊ केल्या आहेत, तेव्हा त्या आधी सुट्या करू या. मज्जारज्जूच्या आवरणावर विजेच्या अग्रांची पट्टी ठेवून बारीक स्पंद देण्याचे तंत्र असाध्य वेदनेसाठी १९६७ पासून वापरात आहे. त्यामुळे जाहिरातीतले ‘मान्यताप्राप्त यंत्र’ हे शब्द खोटे नसूनही दिशाभूल करतात, कारण अशा यंत्रांना मान्यता मिळाली ती वेदनेसाठी. लुळ्या पायांसाठी त्यांचा वापर अजून प्रयोगाच्याच टप्प्यात आहे. या प्रयोगांतून काहीच निष्पन्न झाले नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेतील लुईव्हिल येथील संशोधकांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका तरुणाची हकिगत प्रसिद्ध केली. यंत्र चालू असताना तो स्वतःच्या पायांवर भार पेलून उभा राहू शकला आणि पायांची काही हालचाल आपल्या इच्छेने करू लागला. पण यंत्र बसवण्याच्या आधीच २६ महिन्यांत त्याच्याकडून चालण्याच्या सरावाची १७० सत्रे करून घेतलेली होती. त्याच गटाने २०१८ मध्ये चार जणांचा अहवाल दिला. त्यांपैकी दोघे यंत्र चालू ठेवून, साधनांच्या आधाराने, जमिनीवर पावले टाकू लागले. त्यासाठी एकाला ८५ आठवड्यांत २७८ सत्रे लागली, दुसऱ्याला १५ आठवड्यांत ८१. या दोघांना दुखापतीच्या पातळीखाली थोडी संवेदना शिल्लक होती, जी तुमच्या मुलाला नाही. आणि चौघांपैकी एकाचे खुब्याचे हाड सरावातच मोडले, कारण भार न पडलेली हाडे ठिसूळ होतात. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील गटाने २०२२ मध्ये पूर्ण दुखापत असलेल्या तिघांनाही या कामासाठी खास तयार केलेल्या पट्टीच्या मदतीने पावले टाकायला लावली, हेही खरे आहे. तुम्ही पाहिलेला व्हिडिओ कदाचित अस्सल असेल. त्यात दिसत नाहीत ती सत्रे, शरीर तोलून धरणारा पट्टा, आणि यंत्र बंद केल्यावर काय होते ते.

स्टेम सेलचा भाग याहून कितीतरी कच्चा आहे. ‘पेशी सोडल्या, पाय चालू लागले’ असा बोलबाला गेली वीस-पंचवीस वर्षे या ना त्या शहराच्या नावाने होत आला आहे. लिस्बनमध्ये २००१ पासून रुग्णाच्याच नाकातील अस्तराचा तुकडा मज्जारज्जूच्या जखमेत बसवत असत, आणि जगभरातून कुटुंबे घरदार गहाण ठेवून तेथे जात होती. तेथे ही शस्त्रक्रिया करून घेतलेल्या एका अमेरिकन तरुणीला आठ वर्षांनी पाठदुखी सुरू झाली. तपासात मज्जारज्जूत गाठ आढळली आणि ती काढल्यावर तिच्यात नाकासारखी ऊती व शेंबडासारखा चिकट द्राव निघाला. हा वृत्तांत २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बीजिंगमध्ये भ्रूणाच्या पेशी टोचून घेतलेल्या सात रुग्णांची बाहेरच्या तज्ज्ञांनी आधी व नंतर तपासणी केली. त्यांच्या २००६ च्या अहवालानुसार पाच जणांना मेंदुज्वरासारख्या गुंतागुंती झाल्या आणि उपयुक्त सुधारणा दिसली नाही. लिस्बनच्या धर्तीवरचा प्रयोग आपल्याकडे दिल्लीच्या इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटरने पाच रुग्णांवर केला आणि त्यातून लक्षणीय सुधारणा झाली नाही, हे २००९ मध्ये प्रामाणिकपणे छापले. अपयश छापणाऱ्या संस्थेवर मी यश सांगणाऱ्या संस्थेपेक्षा जास्त विश्वास ठेवतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही आजार वगळता, रीतसर चाचणीच्या बाहेर स्टेम सेल देणे अनैतिक मानले जाते. येथे जे पैसे घेऊन द्यायला मनाई आहे, ते विमानात बसून चार तासांवर गेले म्हणून सिद्ध होत नाही.

सर्वांत जास्त गाजलेले उदाहरण पोलंडचे आहे. २०१० मध्ये चाकूहल्ल्यात मज्जारज्जू जवळजवळ तुटलेल्या एका माणसावर २०१२ मध्ये व्रॉत्सवाफ येथे शस्त्रक्रिया झाली. कवटी उघडून त्याच्या मेंदूच्या गंधकंदातील, म्हणजे वास ओळखणाऱ्या भागातील, पेशी घेतल्या, त्या वाढवल्या आणि घोट्याजवळच्या नसेचे धागे कलम करून मज्जारज्जूतील आठ मिलिमीटरचे अंतर सांधले. पुढे तो वॉकर-कठड्याच्या आधाराने चालू लागला. या संशोधनामागच्या पैशांत मोठा वाटा एका ब्रिटिश आचाऱ्याने स्थापलेल्या निधीचा होता. त्याचा मुलगा २००३ मध्ये ऑस्ट्रेलियात पोहताना मान मोडून अपंग झाला होता. त्या बापाने काय केले हे तुमच्या यजमानांना सांगण्यासारखे आहे. त्याने मुलाला उचलून पहिल्या मिळेल त्या केंद्रात नेले नाही, तर पैसा संशोधनामागे लावला. प्रत्येकाला हे शक्य नसते, मान्य. पण त्या पोलिश रुग्णाने शस्त्रक्रियेपूर्वी कित्येक महिने आणि नंतर वर्षानुवर्षे, आठवड्याचे पाच दिवस, रोज तासन्‌तास व्यायाम केला, आणि आधीच्या व्यायामाने काही फरक पडत नाही हे नोंदवूनच शस्त्रक्रिया झाली. एवढी काळजी घेऊनही तो एकच रुग्ण आहे. एकावरून नियम ठरत नाही.

ही आधीची नोंद का महत्त्वाची, तेही सांगतो. ‘ए’ श्रेणीच्या रुग्णांपैकी साधारण पाचांपैकी एक जण पहिल्या वर्षात कोणत्याही विशेष उपचाराविना वरच्या श्रेणीत जातो. अशा माणसाला चौथ्या महिन्यात इंजेक्शन दिले, तर श्रेय इंजेक्शनाला मिळते. म्हणून केंद्राला लेखी विचारा की रुग्णांची आधीची आणि नंतरची तपासणी कोणी केली, केंद्राच्याच पगारी माणसाने की बाहेरच्या तज्ज्ञाने. ही चाचणी आहे की धंदा, हेही विचारा. खऱ्या चाचणीत प्रायोगिक उपचाराचे पैसे सहसा रुग्णाकडून घेतले जात नाहीत. नोंदणी क्रमांक दाखवला तर तेवढ्याने भुलू नका. सार्वजनिक नोंदवहीत नाव असणे म्हणजे मंजुरी नव्हे. यंत्राची जुळणी सातारा-पुण्यात कोण करणार, बॅटरी संपली किंवा जंतुसंसर्ग झाला तर यंत्र काढण्याचा खर्च कोणाचा, यंत्र असताना एमआरआय करता येतो का, याची उत्तरे ई-मेलवर मागा, फोनवर नकोत. आणि एक गोष्ट ते आपण होऊन सांगणार नाहीत : एकदा बाहेरच्या पेशी टोचून घेतल्या, की पुढे होणाऱ्या बऱ्याच चांगल्या चाचण्यांत तुमचा मुलगा अपात्र ठरू शकतो.

आता तुमच्या पत्रातल्या शेवटून दुसऱ्या वाक्याकडे येतो, कारण ते वाचून मी थांबलो. मनगट पूर्ण मागे वळवून त्याच वेळी बोटे सरळ ताणत असाल, तर ते आजपासून बंद करा. सी-सहा दुखापतीत मनगट वर उचलले की बोटे आपोआप आत मिटतात आणि मनगट खाली सोडले की उघडतात. या नैसर्गिक पकडीवर माणूस पेला उचलतो, टूथब्रश धरतो, मोबाइल सांभाळतो. तिच्यासाठी बोटांचे स्नायू किंचित आखूडच असावे लागतात. ते ताणून सैल केले की पकड जाते. एक-एक सांधा वेगळा हलवायचा, मनगट वर असेल तेव्हा बोटे मिटू द्यायची, हे हाताच्या चांगल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून दहा मिनिटांत शिकता येते. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची संस्था आहे, तेथे दाखवा.

आणि तिथेच दुसरा प्रश्न विचारा, ज्याला मात्र खरोखर घाई आहे. दुखापतीच्या वरच्या पातळीवरून येणाऱ्या चालू नसांच्या फांद्या बोटांच्या नि कोपर सरळ करण्याच्या स्नायूंकडे वळवण्याची शस्त्रक्रिया करतात. मेलबर्नच्या एका गटाने २०१९ मध्ये १६ जणांचा अहवाल दिला. दुखापत होऊन दीड वर्ष न उलटलेल्या माणसांची त्यांनी निवड केली होती आणि बहुतेकांना दोन वर्षांत वस्तू पकडणे, चमचा धरणे, व्हीलचेअर स्वतः ढकलणे जमू लागले. दुखापतीमुळे काही स्नायूंची नसच मेलेली असते. त्यांच्या बाबतीत उशीर झाला की संधी कायमची जाते. तुमच्या हातात थोडेच महिने उरले आहेत. ती मुदत गेली तरी स्नायुबंध वळवण्याची जुनी, खात्रीची शस्त्रक्रिया पुढेही करता येते. मुलगा या शस्त्रक्रियेला योग्य आहे की नाही हे हातांचा शल्यविशारद तपासूनच सांगेल. मात्र बँकॉकच्या नादात हा प्रश्न विचारायचाच राहिला, तर ती चुटपुट मोठी असेल.

घरात सगळे ‘उभा राहिला पाहिजे’ म्हणतात. २००४ मध्ये अमेरिकेत ६८१ मज्जारज्जू-दुखापतग्रस्तांना, काय परत मिळाले तर आयुष्य सर्वांत जास्त सुधारेल, असे विचारले होते. चारही अंगे लुळी झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी हात असे उत्तर दिले. चालणे बरेच खाली होते. तुमच्या मुलाचे उत्तर काय आहे, ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि बागायतीचा सातबारा समोर ठेवून विचारले तर ते तुम्हाला कधीच कळणार नाही. ‘तुम्ही ठरवा’ याचा अर्थ ‘हो’ होत नाही. मुलगा सज्ञान आहे. संमतिपत्रावर सही आईवडिलांची चालत नाही, त्याचीच लागते, अंगठा का असेना. त्याला एखाद्या दिवशी तुमच्याशिवाय, त्याच्यासारख्याच दुखापतीने पाच-दहा वर्षे जगलेल्या माणसाला भेटू द्या. पुण्यात खडकीला जवानांसाठीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. मुंबईतील नीना फाउंडेशन मज्जारज्जूग्रस्तांसाठीच काम करते. तेथून परतल्यावर तो स्वतः बँकॉकचा विषय काढतो का, ते पाहा. काढला आणि वरच्या प्रश्नांची लेखी उत्तरे समाधानकारक मिळाली, तर यंत्राचा विचार, पेशी वगळून, जरूर करा. जमीन तोवर राहू द्या.

प्रश्न : आमच्या मुलाला (वय ३१, छातीचा चौथा मणका) युरोपातील एका रीतसर नोंदलेल्या चाचणीत शस्त्रक्रियेसाठी प्राथमिक निवड मिळाली आहे. उपचार विनामूल्य आहेत, मात्र तीन महिने तेथे राहावे लागेल. निर्णय त्याचा आहे आणि आम्ही त्याच्या पाठीशी आहोत. तयारी काय करावी? आम्ही दोघांनीही त्याच्याबरोबर जावे का?
— एक वडील, नाशिक

उत्तर : अशा चाचण्यांच्या वाटेवरून माणसे परत येतात ती बहुधा तीन क्षुल्लक वाटणाऱ्या कारणांनी : बूड किंवा टाचेवरची जखम, लघवीतला जंतुसंसर्ग आणि ठिसूळ हाडे. म्हणून निघण्यापूर्वी हाडांची घनता तपासून घ्या, लघवीचा कल्चर करा, आणि रोज रात्री माकडहाड, बसण्याची हाडे व टाचा आरशात पाहण्याची सवय मुलाने स्वतः लावून घ्यावी. लालसर डाग बोटाने दाबल्यावर फिका पडत नसेल, तर तेथे जखम सुरू झाली असे समजावे आणि त्या भागावरचा भार पूर्ण काढावा.

विमानात व्हीलचेअरची गादी सामानात जाऊ देऊ नका. ती आसनावर घालून मुलाने तिच्यावरच बसावे. हवेची गादी असेल तर उंचीवर ती फुगते, तेव्हा मध्येच हात घालून पाहावे. कॅथेटर, औषधे, कागदपत्रे जवळच्या पिशवीत ठेवा. लघवी करण्याचा त्रास नको म्हणून पाणी पिणे बंद करणारे बरेच जण असतात. तसे करू नये; लांबच्या प्रवासात पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका त्याने वाढतो.

छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर दुखापत असणाऱ्यांना आणखी एक धोका असतो, जो सर्वसाधारण रुग्णालयांतही नेहमी ओळखला जातो असे नाही. मूत्राशय भरले, नळी मुडपली, नखाला इजा झाली, अशा साध्या कारणाने रक्तदाब एकाएकी चढतो, डोके फुटेल इतके दुखते, चेहरा लाल होतो, दुखापतीच्या वर घाम फुटतो. नेहमीचा दाब ९०-१०० असलेल्या माणसाचा १४० झाला, तर इतरांना तो ठीक वाटतो. याच्यासाठी तो धोक्याचा आहे. अशा वेळी ताबडतोब सरळ बसवावे, कपडे-पट्टे सैल करावेत, नळी तपासून मूत्राशय रिकामे करावे आणि तरीही दाब उतरला नाही तर तातडीची मदत घ्यावी. ही माहिती व मुलाचा नेहमीचा रक्तदाब इंग्रजीत आणि त्या देशाच्या भाषेत एका कार्डावर लिहून त्याच्या खिशात ठेवा.

दोघांनी जाण्याबद्दल : तीन महिने दोघेही तेथे राहिलात तर दोघेही एकाच वेळी थकाल. दीड-दीड महिना वाटून घ्या, किंवा पहिल्या पंधरवड्यानंतर एकाने परतावे. जो तेथे राहील त्याने रोजच्या कामांपैकी मुलगा स्वतः करत असलेले एकही काम आपल्याकडे घेऊ नये. परक्या देशात आईवडील नकळत सगळेच करू लागतात, आणि तीन महिन्यांत मुलगा स्वतःचे कपडे कसे घालायचे तेही विसरतो.

चाचणीच्या कागदांत दोन गोष्टी नीट वाचा. एक, निवड होऊनही तो तुलनेच्या गटात जाऊ शकतो का, म्हणजे शस्त्रक्रियेविना फक्त व्यायाम. दुसरी, चाचणी मध्येच बंद पडली तर पुढची तपासणी आणि अपाय झाल्यास भरपाई कोण देणार. भ्रूणजन्य स्टेम सेलची मज्जारज्जूवरची पहिली चाचणी अमेरिकेत २०१० मध्ये सुरू झाली आणि २०११ मध्ये कंपनीने पैशांच्या कारणाने ती थांबवली; ज्यांना पेशी दिल्या होत्या त्यांची पुढची देखरेख चालू राहिली, कारण ते आधीच ठरले होते. तुमच्या कागदांत तसे ठरलेले आहे का, ते पाहा. पहिल्या टप्प्याची चाचणी असेल तर तिचा उद्देश सुरक्षितता तपासणे हाच असतो. मुलाला हे माहीत असेल, असे तुमच्या पत्राच्या सुरावरून वाटते. नातेवाइकांना निरोप देण्यापूर्वी त्यांनाही ते सांगा, म्हणजे विमानतळावर हार घेऊन कोणी ‘चालत ये’ म्हणणार नाही.

प्रश्न : आमच्या मित्राला परदेशी शस्त्रक्रियेसाठी नेण्याकरिता आमचे गणेश मंडळ वर्गणी गोळा करत आहे. ‘आपल्या मित्राला पुन्हा चालताना पाहायचे आहे’ असा फ्लेक्स तयार आहे. काही सूचना?
— मंडळाचा एक कार्यकर्ता, कोल्हापूर

उत्तर : फ्लेक्स लावू नका. तुमचा मित्र तो रोज वाचेल, आणि शस्त्रक्रियेनंतर चालू शकला नाही तर चौकातून जाताना त्याला आपण वर्गणी बुडवली असे वाटेल. आवाहनात ‘उपचार आणि पुनर्वसन’ असे शब्द घाला. त्यात वैद्यकीय सत्य आहे आणि हिशेबाची सोयही. पैसे कोणा एका कार्यकर्त्याच्या खात्यावर न घेता मित्राच्या आणि घरच्या एका माणसाच्या संयुक्त खात्यात जमा करा. परदेशी पैसे पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. वैद्यकीय उपचारासाठी रुग्णालयाच्या अंदाजपत्रकावर अधिक रक्कम पाठवता येते. ठरावीक रकमेवर बँक कर आगाऊ कापून घेते, तो विवरणपत्रात परत मागता येतो. एखादा सनदी लेखापाल मंडळात असेलच, त्याला आत्ताच बसवा.

शस्त्रक्रिया रद्द झाली किंवा मित्रानेच नको म्हटले तर पैशांचे काय, हे आवाहनातच लिहा : हलकी व्हीलचेअर, चांगली गादी, संडास-न्हाणीचा दरवाजा रुंद करणे, दारात उतार आणि एका वर्षाची फिजिओथेरपी. देणगीदारांपैकी कोणाची याला हरकत असेल, तर ती आज कळलेली बरी.